डिगॉक्सिनची शनिवार-रविवारची सुट्टी आणि १७८५ सालचं एक पुस्तक

प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ७४, वजन ४२ किलो. झडपेचा जुना आजार, नाडी अनियमित, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३० टक्के. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची ०.२५ मिलिग्रॅमची एक गोळी सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. सोबत रोज सकाळी लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड ४०. क्रिएटिनिन १.१, लॅबने पुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय. पोटॅशियम ३.३. गेला आठवडाभर जेवण नको म्हणतात, मळमळतं. ही सुट्टी कशासाठी? आणि विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने १७८५ मध्ये या औषधावर पुस्तक लिहिलं, त्यात ‘त्रास होईपर्यंत देत राहा’ असं आहे म्हणतात, ते खरं का?

आधी तातडीचं. पुढची गोळी देण्यापूर्वी आजच डॉक्टरांना फोन करा आणि हे चार आकडे सांगा: वय, वजन, क्रिएटिनिन, पोटॅशियम. डिगॉक्सिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची भूक अचानक गेली तर ते पित्त आहे असं धरून चालायचं नाही. दुसरं कारण सापडेपर्यंत ते डिगॉक्सिनच समजायचं. ईसीजी, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि रक्तातली डिगॉक्सिनची पातळी एवढं आज किंवा उद्या व्हायला हवं. उलट्या होत असतील, चक्कर येऊन पडल्या असतील, बोलण्यात गोंधळ वाटत असेल, सगळं पिवळं-हिरवट दिसतंय म्हणत असतील किंवा नाडी पन्नासच्या खाली असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.

आता त्या ‘नॉर्मल’ क्रिएटिनिनकडे बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ४२ किलोच्या बाईच्या अंगात स्नायूच थोडे, त्यामुळे मूत्रपिंड निम्म्याहून जास्त मंदावलं तरी आकडा लॅबच्या चौकटीत बसतो. म्हणून औषधाचा डोस ठरवताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र वापरतात: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. तुमच्या आईंसाठी ६६ गुणिले ४२ गुणिले ०.८५, भागिले ७९.२. उत्तर येतं मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला साधारण एवढं रक्त स्वच्छ करतं. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभरच्या पुढे असतो. पोटात घेतलेल्यातलं जे डिगॉक्सिन रक्तात उतरतं, त्याचा बराच मोठा भाग, साधारण ७० टक्के, मूत्रपिंडातूनच बाहेर पडतो.

पुढचा हिशेब अंदाजाचा आहे, पण डोळे उघडणारा आहे. आठवड्याला पाच गोळ्या म्हणजे १.२५ मिलिग्रॅम, रोजची सरासरी ०.१८. गोळीतलं ७० टक्के शोषलं जातं असं धरलं आणि हृदय कमजोर असलेल्या रुग्णासाठीचं नेहमीचं समीकरण लावलं, तर तुमच्या आईंच्या रक्तात सरासरी पातळी येते मिलिलिटरला सुमारे २ नॅनोग्रॅम. हृदय कमजोर असताना आज जी पातळी राखायचा सल्ला देतात ती ०.५ ते ०.९ आहे. आता हीच चिठ्ठी चाळिशीतल्या, ७० किलोच्या, क्रिएटिनिन १ असलेल्या पुरुषाला दिली तर पातळी येते ०.८ च्या आसपास. गोळी तीच, सुट्टीही तीच. एकाला अगदी बेताची आणि दुसरीला अडीचपट.

शनिवार-रविवारच्या सुट्टीमागची कल्पना अशी की औषध अंगात साठत जातं, म्हणून आठवड्यातून दोन दिवस उसंत द्यायची. ऐकायला पटतं. मूत्रपिंड धडधाकट असेल तर डिगॉक्सिन निम्मं व्हायला ३६ ते ४८ तास लागतात. शुक्रवारी सकाळी गोळी घेतली की पुढची सोमवारी सकाळी, मध्ये ७२ तास. तेवढ्यात धडधाकट माणसाच्या अंगातलं औषध पाव ते एक-तृतीयांशावर येतं, म्हणजे सोमवारी तो जवळजवळ औषधाविना असतो. नाडी अनियमित असेल तर रविवारी संध्याकाळी जिना चढताना हृदय पुन्हा धावायला लागतं. तुमच्या आईंमध्ये मात्र निम्मं व्हायलाच तीन दिवस लागतात. सोमवारी सकाळी त्यांच्या अंगात शुक्रवारच्या निम्मं औषध शिल्लक असतं आणि त्यावर नवी गोळी पडते. सुट्टीचा निचरा ज्याला नको त्याला भरपूर मिळतो आणि जिला हवा तिला अपुरा पडतो.

या पद्धतीचा खरा उपयोग एकच: आठवड्याचा डोस सातऐवजी पाच गोळ्यांचा होतो, म्हणजे साधारण २९ टक्के घटतो. आपल्याकडे दुकानात सहज मिळते ती ०.२५ ची गोळी, आणि पातळी मोजायची सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. तेव्हा ‘शनिवार-रविवार नको’ हा डोस कमी करण्याचा सोपा आणि लक्षात राहणारा मार्ग होता. त्या काळात त्याने कित्येकांना वाचवलंही असेल. पण रोज अर्धी गोळी किंवा दिवसाआड अर्धी गोळी देऊन त्याहून जास्त घट करता येते, आणि मग पातळी आठवडाभर एकसारखी राहते. वरच्याच हिशेबाने तुमच्या आईंना रोज अर्धी गोळी दिली तर पातळी दीडच्या आसपास येते, म्हणजे तीही जास्तच. अर्धी गोळी दिवसाआड दिली तर ०.७ ते ०.८. डॉक्टरांशी बोलताना हा आकडा पुढे ठेवा. चिठ्ठी स्वतः मात्र बदलू नका, कारण त्यांच्याकडे ईसीजी असेल आणि माझ्याकडे नाही.

आता विदरिंग. तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे, आणि राहिलेलं अर्धंच महत्त्वाचं आहे.

हा बर्मिंगहॅमचा डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचा चांगला जाणकार. १७७५ मध्ये अंगावरच्या सुजेवरची एक घरगुती कृती त्याच्याकडे मत विचारायला आली. श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईने ती गुप्त ठेवली होती आणि डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्णही तिच्या काढ्याने बरे होत, असं त्याला सांगण्यात आलं. त्यात वीसेक वनस्पती होत्या. खरं काम करणारी फॉक्सग्लव्हच, म्हणजे डिजिटॅलिसच असणार, हे त्याने ताडलं. आजचं डिगॉक्सिन याच कुळातलं. पुढची दहा वर्षं त्याने ती वापरली, नोंदी ठेवल्या आणि १७८५ मध्ये दीडशेहून जास्त रुग्णांची हकीकत छापली. फसलेल्या केसही त्यात घातल्या. निवडक यश छापणं सोपं होतं, पण ते सत्याला धरून झालं नसतं, अशी त्याची भूमिका. आज प्रयोगाचे सगळे निकाल प्रसिद्ध करा म्हणून नियम करावे लागतात.

त्याचं तंत्र बारकाईने बघण्यासारखं आहे. पान कोणत्या ऋतूत तोडलं यावर ताकद बदलते हे लक्षात आल्यावर त्याने फुलं येण्याच्या सुमाराला तोडलेली पानंच वापरायची ठरवली. देठ आणि मधली शीर काढायची, उन्हात किंवा शेकोटीपुढे वाळवायची, मग पूड करायची. सुरुवातीला तो काढा देई. पण उकळण्यात भरवसा राहत नाही म्हणून आधी नुसत्या गरम पाण्यात भिजवलेल्या अर्काकडे आणि मग पुडीकडे वळला. मोठ्या माणसाला पुडीचा डोस १ ते ३ ग्रेन, दिवसातून दोनदा. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. अर्थात हे वजन अख्ख्या पानाचं, त्यात औषधी द्रव्य किंचितच. सुरुवातीच्या वर्षांत आपण डोस फार मोठे आणि फार भराभर दिले, हेही त्याने लपवलं नाही.

आणि तो नियम असा: मूत्रपिंड, पोट, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसेपर्यंत औषध चालू ठेवा, आणि यांतला कोणताही एक परिणाम दिसू लागताच ते थांबवा. लोकांनी पहिला भाग लक्षात ठेवला. लघवी सुटली, नाडी मंदावली, की तिथेच थांबायचं. ओकारीची वाट बघायची नाही. मळमळीचं त्याने केलेलं वर्णन तर आजही ताडून बघावं असं आहे: ती येते, थांबते, पुन्हा तितक्याच जोराने येते आणि मग तीन-चार दिवस लांबत जाणाऱ्या अंतरांनी येत राहते. निम्मं व्हायला दोन-तीन दिवस घेणारं औषध अंगातून उतरताना असंच वागणार. ‘गोळी बंद करून दोन दिवस झाले तरी मळमळतंय, म्हणजे गोळीचा दोष नव्हता’ असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो, त्याचं उत्तर इथे आहे. पिवळं-हिरवं दिसणं, नाडी ३५ पर्यंत उतरणं, हेही त्याने लिहून ठेवलंय.

कोणाला गुण येतो हेही त्याने टिपलं होतं. नाडी ताठ, शरीर दणकट अशा रुग्णांना फारसा उपयोग होत नाही. नाडी क्षीण किंवा मध्येच चुकणारी, चेहरा फिका, ओठ निळसर, कातडी गार अशांची सूज मात्र झरझर उतरते. हृदयाच्या गतीवर इतका ताबा दुसऱ्या कुठल्याच औषधाचा पाहिला नाही, हे त्याचं निरीक्षण होतं, तरी औषध मुख्यतः लघवी वाढवणारं आहे अशीच त्याची समजूत राहिली. मध्येच चुकणारी नाडी म्हणजे पुष्कळदा आजचं एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं. ते स्पष्ट व्हायला विसावं शतक उजाडलं. ब्रिटिश डॉक्टर जेम्स मॅकेन्झीने नाडीचे आलेख काढले आणि डिजिटॅलिसचा सर्वांत मोठा गुण अनियमित नाडीतच दिसतो हे दाखवलं. १९३० मध्ये सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने डिजिटॅलिस लॅनाटा या भावंड-वनस्पतीतून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं केलं, आणि पानाच्या ताकदीची अनिश्चितता संपली. रुग्णाच्या मूत्रपिंडाची राहिली.

पोटॅशियम ३.३ ही तुमच्या प्रश्नातली दुसरी घंटा. प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये ओळखला, १९९७ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. डिगॉक्सिन हा पंप अडवतं. पेशीत सोडियम वाढतं, त्यामुळे सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर जायचं ते अडतं, आणि साठलेल्या कॅल्शियममुळे प्रत्येक ठोका जरा जोराने पडतो. कॅल्शियम मर्यादेबाहेर साठलं की तीच पेशी अवेळी ठिणग्या टाकू लागते, आणि तालभंग होतो तो यातूनच. शिवाय डिगॉक्सिन हृदयाचा वेग कमी करणाऱ्या व्हेगस नसेचा जोर वाढवून वरच्या कप्प्यांकडून खाली येणारे संदेश हळू करतं; अनियमित नाडी आटोक्यात येते ती यामुळे. पंपावर बसायला पोटॅशियम आणि डिगॉक्सिन यांची चढाओढ असते. रक्तात पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला जास्त जागा मिळते. म्हणून ३.३ पोटॅशियम असताना १.२ ची पातळीही विषारी ठरू शकते, आणि ‘पातळी तर दोनच्या आत आहे’ म्हणून निर्धास्त होता येत नाही. पोटॅशियम ४ ते ५ मध्ये असलेलं बरं, मॅग्नेशियमही बघून घ्यावं. नारळपाणी, केळी यांवर हा खड्डा भरत नाही. आणि मूत्रपिंड मंद असताना पोटॅशियमची पावडर किंवा सिरप स्वतःच्या मनाने चालू करणं तितकंच धोक्याचं.

पातळी मोजताना जवळजवळ सगळीकडे होणारी एक चूक सांगतो. सकाळी आठला गोळी, नऊला लॅबचा माणूस घरी. गोळीतलं औषध आधी रक्तात येतं आणि मग पुढचे सहा-आठ तास स्नायूंमध्ये आणि हृदयात उतरत राहतं. तासाभरात घेतलेल्या रक्तात खोटा मोठा आकडा दिसतो, सगळे घाबरतात आणि चांगली चाललेली गोळी बंद होते. रक्त गोळीनंतर निदान सहा-आठ तासांनी, शक्यतो पुढच्या गोळीच्या आधी द्यायचं. सर्वांत सोपं म्हणजे गोळी संध्याकाळी घ्यायची आणि रक्त सकाळी द्यायचं. लॅबच्या छापील तक्त्यात ०.८ ते २ अशी जुनी ‘योग्य’ मर्यादा असली तर तिच्यावर विसंबू नका.

ती मर्यादा खाली का आली हेही सांगायला हवं. १९९७ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ‘डिग’ चाचणीचे निकाल आले. ठोका नियमित पण पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असे ६,८०० रुग्ण, सरासरी ३७ महिने पाठपुरावा. मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, ३४.८ आणि ३५.१ टक्के. पण हृदय अधिक बिघडून हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ डिगॉक्सिन घेणाऱ्यांपैकी २६.८ टक्क्यांवर आली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३४.७ टक्क्यांवर. म्हणजे औषधाने आयुष्य वाढलं नाही, हॉस्पिटलच्या खेपा कमी झाल्या. पुढे त्याच माहितीतून २००३ मध्ये पुरुष रुग्णांची पातळीनुसार वर्गवारी केली. ०.५ ते ०.८ असलेल्यांमध्ये मृत्यू कमी दिसले, १.२ च्या वर जास्त. बायकांच्या वेगळ्या विश्लेषणात डिगॉक्सिन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळले. लहान अंगकाठीला मोठा डोस पडला असावा, असं माझं मत. त्या विश्लेषणाने ते सिद्ध होत नाही. ही सगळी मागाहून केलेली वर्गवारी आहे हेही विसरायचं नाही, कारण ज्याची पातळी जास्त त्याचं मूत्रपिंड मुळातच वाईट असण्याची शक्यता मोठी.

तुमच्या आईंची नाडी अनियमित आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी २०२० ची इंग्लंडमधली ‘रेट-एएफ’ चाचणी जवळची. साठीपुढचे १६० रुग्ण, कमी डोसचं डिगॉक्सिन विरुद्ध बिसोप्रोलॉल, म्हणजे ठोके मंद करणारं दुसरं औषध. सहा महिन्यांनी आयुष्याचा दर्जा दोन्हीकडे सारखा, दुष्परिणाम डिगॉक्सिन गटात कमी. संख्या लहान आहे, पण ‘जुनाट औषध, आता कोण देतं’ म्हणणाऱ्यांनी ती वाचावी.

सोबतच्या औषधांची यादी डॉक्टरांना एकदा वाचून दाखवा. अमिओडॅरोन किंवा व्हेरापामिल (ही हृदयाच्या तालाची औषधं) सुरू झालं तर डिगॉक्सिनची पातळी दीडपट ते दुप्पट होऊ शकते, म्हणून अमिओडॅरोन सुरू करताना डिगॉक्सिन साधारण निम्मं करतात. खोकल्या-तापावर क्लॅरिथ्रोमायसिन मिळालं तरी तीच गत, आणि ही चिठ्ठी पुष्कळदा दुसऱ्याच डॉक्टरची असते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर पातळी उलट घसरते. ते बंद झालं की पुन्हा चढते. आणि घशासाठी चघळलेलं किंवा काढ्यात घातलेलं ज्येष्ठमध: रोज, बऱ्यापैकी प्रमाणात घेतलं तर ते पोटॅशियम खाली आणतं. लघवीची गोळी आधीच तेच करते आहे. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण ज्येष्ठमध हे औषध आहे असं कोणाला वाटत नाही.

घरातली ‘औषधी झाडं’ हाही प्रश्न येतोच, म्हणून तेही लिहितो. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांत डिगॉक्सिनच्याच जातकुळीची द्रव्यं असतात. बिट्टीच्या बियांच्या विषबाधेवर डिगॉक्सिनच्या विषबाधेवरचाच उतारा चालतो, हे २००० साली श्रीलंकेतल्या चाचणीत दाखवलं गेलं. तो उतारा आपल्याकडे सहजी मिळत नाही. या झाडांचं काहीही हृदयासाठी म्हणून पोटात जाता कामा नये.

नाडी बघायची पद्धत: पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं अनियमित नाडीत चालत नाही. काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून कोणी शिकवलं तर स्टेथोस्कोपने छातीवर मोजणं चांगलं. साठच्या खाली असेल तर ती गोळी थांबवून विचारायचं. आणि एक फसवी खूण लक्षात ठेवा: वर्षानुवर्षं अनियमित असलेली नाडी अचानक घड्याळासारखी नियमित आणि मंद झाली, तर घरच्यांना आनंद होतो, पण ते डिगॉक्सिनच्या विषबाधेने वरचा आणि खालचा कप्पा यांच्यातला संपर्क तुटल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी ईसीजी. उलटपक्षी ईसीजीच्या कागदावर ‘डिगॉक्सिन इफेक्ट’ असं छापून आलं म्हणून घाबरू नका. ती रेषेची खोलगट वळी औषध अंगात आहे एवढंच सांगते.

शेवटचं, गोळी कायमची बंदच करून टाकू का? आपण होऊन नको. १९९३ मध्ये ‘रेडियन्स’ चाचणीत स्थिर असलेल्या १७८ रुग्णांपैकी काहींचं डिगॉक्सिन काढून घेतलं, आणि ज्यांचं काढलं त्यांची प्रकृती चालू ठेवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा ढासळली. आत्ता थांबवायचं ते काही दिवसांपुरतं, पातळी आणि पोटॅशियम हाती येईपर्यंत. डॉक्टरांनी अर्धी गोळी पुन्हा सुरू केली तर मधल्या खाचेवरून तोडा. दोन तुकडे अगदी सारखे झाले नाहीत तरी बिघडत नाही, दुसरा तुकडा पुढच्या वेळी पोटात जातोच. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. आणि नव्या डोसची पातळी आठवड्यात मोजू नका: आईंच्या मूत्रपिंडाच्या वेगाने ती स्थिरावायला पंधरा दिवस लागतील, त्याआधीचा आकडा अजून उतरणीवर असेल.